दारफेस्ट

‘मनफेस्ट’ हा शब्द कालिंदी शिंगट्यांच्या टेबलावर आला, तोवर तो गावोगावी रुळून जुना झाला होता. कोशात शब्द नेहमी उशिराच पोचतात. लोक आधी तो वापरतात, चघळतात, वाकवतात, आणि मग कधीतरी कोशवाल्यांना जाग येते.

साताऱ्याच्या बोलीकोश केंद्रात कालिंदीकडे बाजारातले, पारावरचे, कॉलेजातले शब्द असायचे. राज्यभरातून माणसांच्या बोलण्याचे तुकडे यायचे. बोलणाऱ्यांची परवानगी घेतलेली असायची आणि नावं काढून टाकलेली असायची. ते ऐकून नव्या शब्दाचा अर्थ लावणं हे तिचं काम. तो अर्थ मग दवाखान्यांतल्या, बँकांतल्या, बसस्टँडवरच्या बोलत्या यंत्रांत जायचा. पाटणकडची एखादी म्हातारी यंत्राला ‘पोटात डचमळतंय’ म्हणाली, तर ती मळमळ आहे हे यंत्राला कळावं, त्याने तिला पोटदुखीची गोळी देऊ नये, यासाठी कुणीतरी कालिंदीसारखं बसलेलं असावं लागतं. तिला हे काम मनापासून आवडायचं.

कोशाच्या मंडळाच्या अध्यक्षांना ‘मनफेस्ट’च्या जागी ‘प्रकटीकरण’ हवं होतं. ‘मॅनिफेस्ट’ या मूळ इंग्रजी शब्दाची ही मोडतोड कोशात कशाला, असं त्यांचं म्हणणं. कालिंदी बैठकीत शांतपणे म्हणाली, “त्या इंग्रजी शब्दात मन कुठेच नाही. ते आपल्या लोकांनी घातलंय. लोकांनी घातलेलं मन मी काढणार नाही.” शब्द राहिला.

लोकांनी तो घडवला होता तो एका पट्टीवरून. कानांमागून डोक्याला बसणारी, बोटभर रुंदीची ही पट्टी ‘जुळणी’ नावाच्या सेवेची होती. पूर्वी लोक ‘मॅनिफेस्ट’ करायचे म्हणजे डोळे मिटून हवं ते डोळ्यांसमोर आणायचे आणि विश्व ते पुरवील म्हणून वाट बघायचे. विश्व काही पुरवत नसे. जुळणीने विश्वाला बाजूला ठेवलं; पट्टी लावून हवं ते मनात रंगवायचं, म्हणजेच मनफेस्ट करायचं, की पुढचं ती बघायची.

त्यामागचं शास्त्र तसं साधं होतं. माणूस उद्याचं चित्र रंगवतो तेव्हा मेंदू ते शून्यातून काढत नाही. आठवणी सांभाळणारा त्याचा जो खोलवरचा भाग आहे, तोच जुने तुकडे उचलतो. एखादं दार, एखादा आवाज, कुणाची तरी चालण्याची ढब. ते जोडून तो न घडलेला देखावा उभा करतो. म्हणूनच ज्यांची स्मृती गेली त्यांना उद्याही नीट दिसत नाही, हे डॉक्टरांना फार पूर्वीच कळलं होतं. पट्टी कवटीतून आत प्रकाश सोडून मेंदू वाचायची; त्या प्रकाशाची झेप त्या खोल भागापर्यंत नव्हती, पण तो भाग कामाला लागला की वरच्या थरांत जे तरंग उठतात, ते तिला वाचता यायचे. त्या तरंगांवरून देखाव्याची एक खूण तयार व्हायची: कोण आहे, कुठे आहे, कोण कोणाकडे येतंय. मग लाखो खुणांमधून तिला जुळणारी दुसरी खूण शोधली जायची. सापडली की दोघांना हलकासा धक्का. एकाला वेगळी बस सुचवायची, दुसऱ्याला वेगळं दुकान. कऱ्हाडच्या एका निवृत्त तबलजीला कुणाला तरी शिकवावंसं वाटत होतं, आणि ओगलेवाडीच्या एका नर्सला शिकायचं होतं. दोघं एकाच रसवंतीत शेजारी बसले आणि बोलायला लागले. त्यांना तो योगायोग वाटला. निदान काही दिवस तरी.

राजकीय पक्षांनीही हे उचललं. जाहीरनामा आता कुणी बसून लिहीत नसे, मतदारसंघातल्या खुणांची बेरीज करून तो तयार होई. ज्याला जे हवं ते सगळं त्यात असे आणि पुढे काहीच होत नसे. त्यामुळे पोरांच्या तोंडी ‘जाहीरनामा देणं’ म्हणजे गोडगोड बोलून भुलवणं, आणि ‘जाहीरनामा फाडणं’ म्हणजे सरळ नातं तोडणं. पण त्याच शब्दाला एक गंभीर अर्थही फुटला होता. आयुष्याचा एखादा मोठा निर्णय घेतला की घरच्या माणसांसमोर उभं राहून तो बोलून दाखवायचा, त्याला तरुण मंडळी ‘स्वतःचा जाहीरनामा’ म्हणत. हा अर्थ कालिंदीने कोशात घेतला होता. मात्र त्याच्या नोंदीखालचं उदाहरण तिने स्वतः न लिहिता सहकाऱ्याकडून लिहून घेतलं होतं.

त्याला कारण होती रेणू.

रेणुका तिची धाकटी बहीण, चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा रेणू शाळकरी होती आणि वडील त्याआधीच गेले होते. कालिंदीने तिला वाढवलं. तिच्या वेण्या घातल्या, तापात उशाशी बसली, तिच्या शाळेतल्या पालकसभांना आईबापांच्या रांगेत जाऊन बसली. स्वतःचं लग्न आज नाही उद्या म्हणत राहूनच गेलं, आणि त्याचं तिला फारसं काही वाटलंही नाही. घरात दोघी होत्या. संध्याकाळी फाटक वाजायचं, रेणू नळावर पाय धुवायची आणि आत येता येताच विचारायची, काय केलंयस. एवढ्यावर कालिंदीचा दिवस भरायचा.

रेणू समुद्रजीवशास्त्र शिकली. तिला पुण्यात चांगली नोकरी लागली, वाईच्या एका घरातून स्थळही आलं. बघायला मंडळी आली, पोहे झाले, आणि रेणू उभी राहून म्हणाली की तिला तिचा जाहीरनामा सांगायचा आहे. लग्न करायचं नाही, नोकरी सोडतेय, गुहागरच्या अलीकडे एका खाडीत बायकांबरोबर समुद्रशेवाळाची शेती उभी करायची आहे. तापलेल्या समुद्रात मासळी उरली नाही तरी तगेल, अशी शेवाळाची जात तिने शोधली होती. ती बोलत होती ते मनापासून होतं. पाहुण्यांसमोर कालिंदीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती म्हणाली, “जाहीरनामा पक्षाचा असतो, रेणू. घरातल्या माणसाची फार तर तक्रार असते.”

पाहुणे हसले. रेणू बसली नाही. ती आत गेली आणि बॅग भरून दुसऱ्या दिवशी निघाली.

तेव्हापासून चार दिवाळ्या झाल्या. भांडण असं पुन्हा झालंच नाही. ‘फराळ पोचला का’ असा निरोप जायचा, ‘पोचला’ असं उत्तर यायचं. फोन लावला की दोघी हवापाण्यावर बोलायच्या आणि मग एकीला काहीतरी काम निघायचं. ये, असं कालिंदी म्हणाली नाही. ज्याने घर सोडलं त्याने यावं, असं तिला वाटायचं. आणि त्याखाली भीती होती, की आपण म्हटलं आणि ती नाही म्हणाली तर?

म्हणून तिने पट्टी घेतली. पट्टीला काही बोलून दाखवावं लागत नव्हतं. रेणूही जुळणीवर आहे, एवढं सेवेच्या यादीत दिसत होतं. कालिंदी रोज संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून देखावा रंगवायची. फाटक वाजतंय. नळ सोडल्याचा आवाज. ओल्या पावलांनी रेणू आत येतेय. इतक्यांदा रंगवला की तिला फरशीवरच्या ओल्या पावलांचे ठसेसुद्धा दिसायचे.

जुळणी कधीच ‘नाही’ म्हणत नसे. ती फक्त गप्प राहायची. आणि याच गप्पपणाने माणसांचं जगणं बदललं होतं. पूर्वी जिच्यावर जीव आहे तिच्या मनात काय आहे, हे न कळण्यात एक आसरा होता. आता महिनोन्‌महिने पट्टी गप्प राहिली, की माणूस समजून जायचा. लोक म्हणायचे, ‘माझं कोरडं गेलं.’ हा शब्दप्रयोग कालिंदीने स्वतः नोंदवला आणि अर्थ लिहिला: ज्याची ओढ आहे त्याला आपली ओढ नसणं. लिहिताना तिच्या मनात आलं, आपल्या कामातलं हे पहिलंच वाक्य असेल जे आपण कुणाचंही न ऐकता लिहिलं.

दोन वर्षं गप्पपणात गेली. मग तिने ‘पुसणी’साठी नाव दिलं.

पुसणी ही जुळणीचीच दुसरी सोय होती. नको झालेला देखावा मनात उमटू लागला की पट्टी तो ओळखायची आणि अगदी सौम्य स्पंदन देऊन मन दुसरीकडे वळवायची. दीडेक महिन्यात देखावा उमटेनासा व्हायचा. दुखत काहीच नसे. मात्र देखावा ज्या आठवणींच्या तुकड्यांनी बनलेला, तेही थोडे सैल होतात, हे बारीक अक्षरांत सांगितलेलं असायचं. आठवण दर वेळी बाहेर काढली की नव्याने आत ठेवली जाते, आणि ठेवतानाच कुणी हात धरला तर ती पूर्वीसारखी बसत नाही. लोकांना त्याची फिकीर नव्हती. कोरडं गेलेली माणसं रांगेने पुसून घेत होती आणि खरोखरच हलकी होऊन कामाला लागत होती.

कालिंदीही हलकी झाली. रेणूची खोली तिने एका शिक्षिकेला भाड्याने द्यायचं ठरवलं. रात्री झोप लागू लागली. एके दिवशी केंद्रात डबा उघडताना ती सहज आठवू गेली, की लहानपणी रेणूची दृष्ट काढताना ती काय म्हणायची. शब्द आले. पण समोर बसलेलं मूल येईना. मीठमोहऱ्या धरलेली आपली मूठ दिसत होती आणि मुठीच्या पलीकडे काहीच नव्हतं. तिने डबा तसाच झाकून ठेवला.

त्याच आठवड्यात फारूक मुजावर एक शब्द घेऊन आले. मुजावर केंद्राच्या ध्वनिविभागाचे प्रमुख, तिच्याच वयाचे. पट्ट्यांच्या संशोधनात काही वर्षं काढून मग भाषेकडे वळलेले. चिपळूणच्या बाजारातल्या तुकड्यांत एकच शब्द वरचेवर येत होता आणि त्यांना तो लागत नव्हता: ‘दारफेस्ट’. दाराशी काही सण वगैरे आहे का, असं त्यांनी हसत विचारलं.

कालिंदीने तुकडे लावले. पहिल्या काहींतून अर्थ निघेना. मग एक संभाषण आलं. दोन बायका, मासळीबाजारातला गलका, बर्फ फोडल्याचे आवाज. एकीचा नवरा रुसून दापोलीला गेला होता. पट्टी लावून किती दिवस झाले, तो काही येत नाही, कोरडं गेलं म्हणून ती रडवेली झाली होती. दुसरी तिला म्हणाली, “कोरडं नाय गेलं गो. तुझं दारफेस्ट चाललंय. तू आपल्या दारात उभी राहून त्याला बघतेस, तो त्याच्या दारात उभा राहून तुला बघतो. दोघंही उभीच. पट्टी जुळवणार काय?”

कालिंदीने तो तुकडा पुन्हा लावला नाही. तिने मुजावरांना विचारलं, असं होऊ शकतं का. मुजावर जरा विचार करून म्हणाले की होणारच. पट्टी ओढ मोजत नाही, देखावा जुळवते. एका देखाव्यात रेणू साताऱ्याला येत असेल आणि दुसऱ्यात कालिंदी खाडीवर जात असेल, तर यंत्राच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्याच गोष्टी. त्यांनी रेणूचं नाव घेतलं तेव्हा कालिंदी चमकली. तिने ते कधी सांगितलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, “बाई, त्या जाहीरनाम्याच्या नोंदीचं उदाहरण मलाच लिहायला लावलं होतंत तुम्ही. का, ते सगळ्या केंद्राला ठाऊक आहे.”

त्या संध्याकाळी तिने पुसणी बंद केली आणि देखावा बदलायचा प्रयत्न केला. आपण खाडीकाठी जातोय. रेणूचं घर दिसतंय. पण घर दिसेना. रेणूने पाठवलेले फोटो तिने समोर ठेवले, कौलं, माड, तराफे, सगळं पाहिलं. डोळे मिटले की फोटोच दिसायचा, सपाट. वाट कुठून आहे, पायाखाली काय लागतं, वास कसला येतो, यातलं तिच्याकडे काहीच नव्हतं. तुकडेच नसतील तर मेंदू जोडणार तरी काय? चार वर्षांत ती एकदाही तिकडे गेली नव्हती. जिथे आपण पाऊल टाकलं नाही तिथे मनानेही पोचता येत नाही, हे तिला खुर्चीत बसल्या बसल्या कळलं, आणि तिने पट्टी काढून ठेवली.

शनिवारी सकाळी तिने चिपळूणची बस धरली. कुठल्याही यंत्राने तिला जा म्हटलं नव्हतं. रेणूला तिने कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर उत्तराची वाट बघावी लागली असती. कोयनानगर गेलं, कुंभार्ली घाट उतरला. चिपळूणला दुसरी गाडी आणि शेवटी रिक्षा. रिक्षावाल्याने तिला खाडीच्या कडेला सोडलं आणि शेवाळवाल्या बाईंचं घर ते समोरचं, म्हणून दाखवलं.

ओहोटी होती. गुडघाभर पाण्यात बांबूचे तराफे होते आणि पाचसहा बायका दोऱ्यांना लालसर शेवाळाचे झुबके बांधत होत्या. त्यांतली एक वळली. उन्हाने रापलेली, केस कापलेले. कालिंदीने तिला चालण्यावरून ओळखलं. ती धावत येईल असं कालिंदीला उगाच वाटून गेलं. पण रेणू सावकाश पाणी कापत आली, हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि म्हणाली, “ताई? ये ना. बस. पाणी देऊ?”

आवाजात राग नव्हता. रागही चालला असता. एखाद्या ओळखीच्या बाईंशी बोलावं तसं ते बोलणं होतं.

घरात गेल्यावर रेणूने तिला पाणी दिलं, सोलकढी दिली, साताऱ्याची विचारपूस केली. मग समोर बसून सांगून टाकलं. तिनेही पट्टी लावून पुष्कळ दिवस काढले होते. या पायरीवर बसून ताई वाटेने वर येतेय असं बघत राहायची. आधी देखाव्यातली ताई एका बाजूने यायची, मग लक्षात आलं की रिक्षा दुसऱ्या बाजूला थांबते, तेव्हा देखावाही दुरुस्त केला. काही जुळलं नाही. कामावर लक्ष लागेना, एका हंगामाचं बियाणं तिच्या चुकीने कुजलं, आणि या बायकांची मेहनत वाया गेली.

“मग मी पुसून घेतलं, ताई. पूर्ण. गेल्या मार्गशीर्षात.” रेणू म्हणाली. “मला सगळं माहीत आहे, तू माझ्यासाठी काय काय केलंस ते. पण माहीत आहे, एवढंच. पुस्तकात वाचल्यासारखं. तुला बघून आत काहीतरी हलायला हवं ना? मी मघापासून वाट बघतेय.”

माफी मागायचे शब्द कालिंदीने घाटभर जुळवले होते. पण ज्या घावासाठी ती मागायची, तो घावच समोरच्या बाईला आता दुखत नव्हता. तिने विचारलं, मी राहू का दोन दिवस? रेणू म्हणाली, राहा की. ती कुणालाही असंच म्हणाली असती.

कालिंदी राहिली. तिने जुनं काही उगाळलं नाही. सकाळी बायकांबरोबर पाण्यात उतरली, झुबके बांधायला शिकली. पहिल्या दिवशी तिने बांधलेले निम्मे भरतीबरोबर सुटून गेले आणि बायका खूप हसल्या, रेणूही हसली. खडकावरच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी कालिंदीचा तळपाय कापला. रेणूने तो मांडीवर घेऊन धुतला, हळद दाबली. हात सराईत होता, मायेचा की नुसता सवयीचा, हे कालिंदीला ओळखता आलं नाही. तिने ओळखायचा हट्ट सोडला. जेवताना रेणू शेवाळाबद्दल बोलायची आणि कालिंदी ऐकायची. तापलेल्या पाण्यात एखादी जात कशी तगते, तिला मुळं नसतात, ती नुसती धरून राहते, असं रेणू सांगत होती. कालिंदीच्या मनात आलं, ही हेच त्या दिवशी पोह्यांच्या बश्यांसमोर सांगत होती, आणि तेव्हा आपण एक अक्षरही ऐकलं नव्हतं. आता ऐकताना तिला ते फार सुंदर वाटलं. तसं तिने सांगितलं. रेणू जरा गोंधळली आणि मग अधिकच सांगत सुटली.

पण रेणू जेव्हा एखाद्या बाईला हाक मारायची, पाण्यात वाकलेली असताना पाठमोरी दिसायची, तेव्हा कालिंदीच्या आत असं काही दाटून यायचं की तिला तराफ्याचा बांबू घट्ट धरावा लागायचा. माणूस हाताच्या अंतरावर होतं आणि ओढ साताऱ्याहून असायची तेवढीच होती. किंबहुना जास्तच.

निघायच्या दिवशी रेणू तिला सोडायला फाट्यापर्यंत आली. दोघी गाडीची वाट बघत माडाच्या सावलीत उभ्या होत्या. पुन्हा ये असं रेणू म्हणेल का, हा विचार कालिंदीने दोनदा मनातून हाकलला. वळणावर गाडी दिसली. कालिंदी पिशवी उचलून लंगडत पुढे झाली.

रेणू तिच्या पायाकडे बघत होती. बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली, जणू अजून न घडलेला एखादा देखावा ती नीट न्याहाळत होती.

“पुढच्या वेळी येशील तेव्हा जाड तळाच्या चपला आण,” ती म्हणाली. “खालच्या खडकांकडे नेणार आहे तुला. तिकडे कालवं जास्त आहेत.”

गाडी थांबली. कालिंदीने दांडीला धरून वर पाय ठेवला, वळून मान हलवली आणि आत जाऊन खिडकीशी बसली. गाडी सुटली तेव्हा रेणू तिथेच उभी होती, कालिंदीची पावलं जिथे होती, अजून तिथेच बघत.